फांदीला लागून फांदी

भीमाशंकरला येणाऱ्या माणसांचं लक्ष पायऱ्यांकडे असतं आणि ते साहजिक आहे. एसटी स्टँडपासून देवळापर्यंत उतरत जाणाऱ्या पायऱ्या, पावसाळ्यात निसरड्या, श्रावणी सोमवारी माणसांनी गच्च भरलेल्या, दोन्ही बाजूंना बेलफुलं, पेढे, रेनकोट आणि भाजलेली कणसं. या सगळ्या गडबडीच्या वर, झाडांच्या शेंड्याकडे, शेपटीसकट जवळजवळ एक मीटर लांबीचा एक तांबूस प्राणी फांदीवर पोट टेकून आडवा पसरलेला असू शकतो. तो शेकरू. महाराष्ट्राचा राज्यप्राणी आणि हे अभयारण्य राखून ठेवण्याचं मुख्य कारण. त्याच्या बरोबर खालून हजारो माणसं जातात आणि त्यातल्या फारच थोड्यांची मान वर होते.

या जंगलाचे दोन नकाशे आहेत. पहिला वनखात्याच्या फलकावर रंगवलेला असतो: पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांच्या सीमेवरचं, साधारण १३० चौरस किलोमीटरचं, १९८० च्या दशकाच्या मध्यावर जाहीर झालेलं अभयारण्य. दुसरा नकाशा कुठेच छापलेला नाही. तो जमिनीपासून तीस-चाळीस फूट वर आहे, त्यातले रस्ते फांद्यांचे आहेत आणि फांदी जिथे दुसऱ्या फांदीला टेकत नाही तिथे तो संपतो. भीमाशंकरमध्ये जे काही थक्क करणारं आहे, त्यातलं बरंचसं या दुसऱ्या नकाशावरून उलगडतं. अगदी रात्री जमिनीवर उजळणाऱ्या बुरशीपर्यंत.

आधी जागा समजून घेऊ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर साचले. त्या काळ्या पाषाणाचा पश्चिमेकडचा तुटलेला काठ म्हणजे सह्याद्रीचा घाटमाथा. भीमाशंकर या काठावर, समुद्रसपाटीपासून साधारण एक हजार मीटर उंचीवर बसलंय. नागफणीच्या टोकावर उभं राहिलं की खाली कोकण दिसतं, मधे आधाराला काही नाही. पावसाळी वारा अरबी समुद्रावरून ओलावा घेऊन येतो आणि या भिंतीला आपटतो. पुढे जायला वाट नाही, म्हणून वर चढतो. वर चढलेली हवा थंड होते, थंड हवेला तेवढी वाफ पेलत नाही, आणि ती सगळी माथ्यावर ओतली जाते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस इथे पडतो. माथा ओलांडून ढग पूर्वेला गेले की त्यांच्यात फारसा दम उरत नाही. घोडेगाव मागे टाकून मंचरला पोचेपर्यंत तुम्ही दुसऱ्याच हवामानात शिरलेले असता.

भीमेची गंमत इथेच आहे. जिथे ती उगम पावते तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. पण पठार पूर्वेकडे कललेलं, म्हणून ती समुद्राकडे पाठ करून निघते, पंढरपुरात चंद्रभागा होते, आणि सुमारे ८६० किलोमीटर चालून रायचूरच्या बाजूला कृष्णेत मिसळते. तिथून पुढे बंगालचा उपसागर. त्रिपुरासुराशी युद्ध करून दमलेल्या शंकराच्या घामातून ही नदी निघाली, असं इथली कथा सांगते. पाऊस थांबल्यावरही तासन् तास ठिबकणाऱ्या या जंगलात उभं राहिलं तर ही कथा कशी सुचली असेल ते कळतं. आकाश कोरडं आहे, तरी अंगावर पाणी पडतंय. धुकं पानांवर जमतं, थेंब टोकाशी ओघळतो, खालच्या पानावर पडतो, तिथून शेवाळावर, शेवाळावरून खोडावर. खाली पोचलेला थेंब जमिनीवर आदळत नाही, मुरतो.

आता खरं आश्चर्य. इथे पाऊस चार महिनेच पडतो. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. केरळात ज्या प्रकारची सदाहरित वनं बारमाही ओलाव्यावर पोसली जातात, त्यांची इतक्या उत्तरेला टिकण्याची शक्यता कमी. तरीही माथ्यावर ती आहेत, थोडं वेगळं रूप घेऊन. वनस्पतिशास्त्रज्ञ या जंगलाला तीन झाडांच्या नावाने ओळखतात: अंजनी, जांभूळ आणि पिसा. झाडं फार उंच नाहीत, कारण काठावरचा वारा उंच वाढू देत नाही. पण दाट आहेत, चिवट आहेत, आणि एकमेकांत इतकी शिरलेली की एका झाडाचा माथा कुठे संपला आणि दुसऱ्याचा कुठे सुरू झाला हे खालून सांगता येत नाही. अंजनीची पानं जाड, चकचकीत. ऐन मे महिन्यात, खालचं कोकण भाजून निघत असताना, या छताखाली सावली असते आणि पालापाचोळ्याच्या खालच्या थरात ओल सापडते. छत बंद आहे म्हणून ओल टिकते, आणि ओल टिकते म्हणून छत. यातलं आधी कोण, हे विचारण्यात अर्थ नाही. एवढंच लक्षात ठेवायचं की एकदा मोडलं तर दोन्ही एकदम जातात.

या छतावर शेकरूचं सगळं आयुष्य जातं. जमिनीवर तो सहसा उतरतच नाही. दोन किलोच्या आसपास वजन, पाठ गडद तांबूस, पोट पांढरट-पिवळसर, आणि अंगापेक्षा लांब शेपटी. मुंबई इलाख्यातले लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३१ मध्ये या खारीचं शास्त्रीय वर्णन केलं आणि तिला गव्हर्नर एल्फिन्स्टनचं नाव देऊन टाकलं. ही वेगळी उपजात मानायची की नाही यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. शेकरूला अर्थात त्याने काही फरक पडत नाही.

खाताना त्याला नीट पाहावं. सकाळची वेळ, हिरड्याचं किंवा उंबराचं झाड, आणि थोडा धीर, एवढं पुरतं. मागचे पाय तो फांदीवर रोवतो, घोटे असे उलट वळवतो की नखं वरच्या बाजूने पकडतात, आणि पुढचं अर्धं शरीर फांदीच्या एका बाजूला खाली सोडून देतो. दुसऱ्या बाजूला शेपटी लोंबते. तराजूच्या दोन पारड्यांसारखं वजन सावरलेलं असतं आणि मधला काटा म्हणजे ते दोन मागचे पाय. त्यामुळे पुढचे दोन्ही हात मोकळे. फळ हातात घेतो, फिरवतो, साल दाताने काढून टाकतो, आतलं खातो, उरलेलं सोडून देतो. खाली टप टप आवाज येत राहतो. जंगलात शेकरू शोधायचा असेल तर बऱ्याचदा हा आवाजच आधी मिळतो: न वारा, न पाऊस, तरी एकाच झाडाखाली सालपटांचा सडा.

आहाराबाबत तो फार चोखंदळ आहे असंही नाही. फळं, बिया, फुलं, कोवळी पानं, फळांचा तुटवडा असेल तेव्हा झाडाची सालसुद्धा. रेनी बोर्जेस या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात भीमाशंकरात त्याच्या खाण्यापिण्याचा बारकाईने अभ्यास केला होता. ऋतूंवर एवढ्या अवलंबून असलेल्या जंगलात, जिथे फळं काही महिने भरपूर आणि काही महिने नसल्यात जमा, तिथे वर्षभर झाडावरच राहणारा प्राणी जगतो कसा, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. वेगवेगळ्या महिन्यांत फळणारी, पालवणारी वेगवेगळी झाडं त्याच्या आवाक्यात असली तरच ते गणित जमतं. आणि आवाक्यात म्हणजे फांद्यांवरून पोचता येईल इतक्या आत. शेजारच्या टेकडीवर उंबर पिकला असेल, पण मधे उघडं माळरान असेल, तर शेकरूच्या दृष्टीने तो उंबर नाहीच.

त्याची घरटी बघितली की हे आणखी पटतं. काटक्या आणि पानं विणून केलेला मोठा गोल गोळा, उंच झाडाच्या शेंड्याकडे, बारीक फांद्यांच्या बेचक्यात. बारीक यासाठी की बिबट्यासारखं जड जनावर तिथवर येऊ नये. एकाच शेकरूची अशी अनेक घरटी असतात. काहींत रात्र काढायची, एखाद्यात पिल्लू वाढवायचं. घरट्यासाठी तो साधारणपणे असं झाड निवडतो ज्याच्या फांद्या आजूबाजूच्या झाडांत गुंतलेल्या आहेत, म्हणजे गरुड वरून आला किंवा कोणी खालून चढलं तर निसटायला एकापेक्षा जास्त वाटा. संकट आलं की मात्र तो आधी पळत नाही. फांदीला चिकटून सपाट होतो आणि निश्चल राहतो. पळायची वेळ आलीच तर झेप. सहा मीटरपर्यंतची, म्हणजे वीस फूट. तेवढी त्याची कमाल. हा आकडा पुढे कामाला येणार आहे.

भीमाशंकरचं जंगल टिकलं याचं श्रेय फक्त वनखात्याला किंवा कायद्याला देणं अन्यायाचं होईल. अभयारण्य होण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या महादेव कोळी गावांनी देवराया राखल्या. देवाच्या नावाने सोडलेलं रान. त्यातलं वाळलेलं लाकूडसुद्धा घरी न्यायचं नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांवर जे काम केलं, त्यामुळे अभ्यासकांचं लक्ष या परंपरेकडे गेलं. आहुप्याची देवराई बघावी. घोड नदीचा उगम याच भागातला. देवराईत शिरताना उजेड एकदम कमी होतो, पायाखालची जमीन मऊ होते, आणि मोबाइलवर बोलणारी माणसंही आवाज खाली आणतात. मी देवभोळा नाही, पण चप्पल बाहेर काढून आत जायला मला कधी अवघड वाटलं नाही.

याच गावांचा दुसरा आधार म्हणजे हिरडा. कोवळी फळं गळून पडतात किंवा झोडून पाडली जातात, ती वाळवली की काळी कडक होतात. हा बाळहिरडा औषधाला आणि चामडं कमवायला जातो, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर आंबेगाव-जुन्नरच्या डोंगराळ पट्ट्यातल्या अनेक घरांत रोख पैसा त्यातूनच येतो. माणसाला हिरड्याचं झाड उभं हवं आहे आणि शेकरूलाही. संवर्धनाच्या सभांमध्ये स्थानिक लोकांना जंगलाचा शत्रू ठरवण्याची घाई असते, तेव्हा हा साधा हिशोब कुणी मांडत नाही.

आता रात्र. जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस चांगला मुरल्यावर, या जंगलात काही कुजकी लाकडं आणि पाचोळ्याचे तुकडे आपोआप उजळतात. मायसीना गटातल्या बुरशीचं हे काम. आपण इंटरनेटवर याचे हिरवेगार, लखलखीत फोटो बघितलेले असतात, आणि प्रत्यक्षात गेलं की पहिली प्रतिक्रिया निराशेची होते. काहीच दिसत नाही. गावातून बरोबर आलेला वाटाड्या सांगतो, "टॉर्च बंद करा, दादा. मोबाइल पण खिशात. लगेच नाही दिसायचं." मग अंधारात उभं राहायचं. डोळ्यांना पूर्ण अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका उजेडात ती सगळी वाया जातात. हळूहळू पायाशी काही तरी फिकट जाणवतं. आधी वाटतं भास आहे. मग एका ओंडक्याची कड दिसते, मग फांदीचा एक तुकडा, मग कळतं की आजूबाजूची जमीनच ठिकठिकाणी उजळलेली आहे. रंग हिरवा नाही, राखाडी-पांढरट. कारण इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत. प्रकाश खरोखर हिरवाच असतो. कॅमेरा तो अर्धा-एक मिनिट साठवून दाखवतो, डोळा साठवू शकत नाही. फोटो खोटा नाही आणि डोळाही नाही.

हा उजेड थंड असतो. बुरशीच्या पेशीत ल्युसिफेरिन नावाचं रसायन तयार होतं, एका विकराच्या मदतीने त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि सुटलेल्या ऊर्जेचा काही भाग प्रकाशाच्या रूपात बाहेर पडतो. हे रसायन बुरशी ज्या कच्च्या मालापासून बनवते, ते कॅफेइक आम्ल झाडांमध्येही सर्रास असतं. २०१८ मध्ये संशोधकांनी या उजेडामागची जनुकं शोधून काढली आणि २०२० मध्ये ती तंबाखूच्या रोपांत घालून स्वतःच्या उजेडाने चमकणारी रोपं तयार केली.

पण बुरशीला उजेडाचा उपयोग काय? ब्राझीलमध्ये एका चमकणाऱ्या छत्रीबद्दल २०१५ मध्ये छान प्रयोग झाला. रेझिनच्या खोट्या छत्र्या करून काहींत हिरवे एलईडी दिवे लावले, काही तशाच अंधारात ठेवल्या. दिवेवाल्यांवर जास्त किडे आले. म्हणजे किडे बोलवायचे आणि त्यांच्या अंगावरून बीजाणू पसरवायचे, असा डाव असावा. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात दुसऱ्या एका चमकणाऱ्या छत्रीबद्दल तसाच प्रश्न विचारला गेला आणि उत्तर उलटं आलं: किड्यांना उजेडाची पर्वा नव्हती. शिवाय भीमाशंकरात पुष्कळदा छत्री नसते, लाकडात पसरलेले बुरशीचे तंतूच चमकतात. तिथे बीजाणूच नाहीत तर बोलवायचं कुणाला? मला हा न सुटलेला प्रश्न सुटलेल्या रसायनापेक्षा जास्त आवडतो. एवढं मात्र उघड आहे की ही बुरशी ओल्या, कुजक्या लाकडावर जगते, आणि लाकूड ओलं राहायला वर छत बंद असावं लागतं. देवराईतून वाळलेलं लाकूड न नेण्याचा नियमही इथे उपयोगी पडतो.

बाकीच्यांची नुसती नावं घेतो. बिबट्या आहे, पण तुम्हाला दिसण्यापेक्षा त्याला तुम्ही दिसण्याची शक्यता जास्त. सांबर, भेकर, रानडुक्कर. जेमतेम फूटभर उंचीचं पिसोरी हरीण, जे बहुतेकांना पाचोळा हलल्यासारखं वाटून निसटतं. पावसाळी पहाटे ओढ्याकाठी शीळकरी कस्तुर गातो. निळाकाळा पक्षी, आणि गाणं असं की कुणी तरी निवांत माणूस सूर न ठरवता शीळ घालत चाललाय. पाण्याच्या खळखळाटातूनही ती शीळ स्वच्छ ऐकू येते. आणि कारवी. तिच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती डोंगरातल्या घरांना असतात. साधारण सात वर्षं नुसती वाढते, मग एका पावसाळ्याच्या शेवटी उतारच्या उतार एकदम जांभळे होतात, मधमाश्यांची चंगळ होते, आणि फुललेली सगळी झुडपं मरून जातात. वाळलेली बोंडं पुढच्या पावसाच्या सरीत भिजली की तड् तड् आवाज करत फुटतात आणि बिया उडवतात.

जायचं कसं? पुण्याहून मंचर-घोडेगाव रस्त्याने गाडी थेट वर जाते. कोकणातून चढायचं तर कर्जतजवळच्या खांडसहून दोन वाटा: गणेश घाट लांबचा पण सोपा, शिडी घाट जवळचा पण कातळात शिड्या लावलेला. पावसात शिडी घाटाने जाऊ नये. दरवर्षी कुणी ना कुणी जातं आणि मग बचाव पथकांना बोलवावं लागतं. महाशिवरात्र आणि श्रावणातले सोमवार हे दिवस देवासाठी आहेत, जंगलासाठी नव्हेत. शेकरूसाठी हिवाळा-उन्हाळ्यातली सकाळ, बुरशीसाठी भर पावसातली अमावास्येच्या आसपासची रात्र, आणि रात्री जायचं तर परवानगी आणि गावातला माणूस बरोबर हवाच. देवळाचं शिखर नाना फडणवीसांच्या काळातलं, आणि तिथली मोठी घंटा चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा. कोकणातल्या चर्चमधून ती या काठावर चढवणाऱ्यांनी घाटवाटेवर काय काय भोगलं असेल, याची कल्पना शिडी घाट बघून करता येते.

आणि तो सहा मीटरचा आकडा. भीमाशंकरला वर येताना शेवटच्या टप्प्यात गाडी थांबवून रस्त्यावर उभं राहावं आणि सरळ वर बघावं. जुन्या अरुंद रस्त्यावर काही ठिकाणी दोन्ही बाजूंच्या फांद्या अजून एकमेकींना टेकतात. जिथे रस्ता रुंद झालाय, पार्किंगसाठी जागा काढलीय, विजेच्या तारांसाठी छाटणी झालीय, तिथे आकाशाची पट्टी दिसते. दोन पदरी डांबर, दोन्ही बाजूंच्या साइडपट्ट्या आणि गटारं मिळून ही पट्टी सहज दहा-बारा मीटर होते. नकाशावर जंगल एकच राहतं, पण शेकरूसाठी त्याचे दोन तुकडे झालेले असतात. मग एक तर तो अलीकडेच अडकतो, नाही तर जमिनीवर उतरून डांबर ओलांडायला बघतो, जे त्याला जमत नाही आणि गाड्यांना थांबता येत नाही. तमिळनाडूत वालपराईच्या रस्त्यांवर सिंहपुच्छ वानरांसाठी झाडाझाडांमध्ये टांगते पूल बांधले आहेत आणि वानरं ते वापरतात. खर्च फार नाही, देखभाल मात्र सतत हवी. पूल बांधण्याआधीचा स्वस्त उपाय म्हणजे रस्त्याकडेच्या ज्या फांद्या अजून एकमेकींना टेकतात त्या छाटताना कुणी तरी वर बघणं. ठेकेदाराच्या कामाच्या यादीत "फांद्या छाटणे, दोन्ही बाजू" एवढंच लिहिलेलं असतं. कोणती फांदी ठेवायची, हा रकाना त्या यादीत अजून नाही.